हवेलीचे तुकडे मोजून पाहा: पुढच्या मतदारसंघ पुनर्रचना आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, पुढील परिसीमन (मतदारसंघ पुनर्रचना) आयोग,
तसेच त्या आयोगावर महाराष्ट्रातून सहयोगी सदस्य म्हणून जाणारे खासदार व आमदार यांस

विषय: विधानसभा मतदारसंघांच्या हद्दी आखताना बेरजा उघड करण्याबाबत. संदर्भ म्हणून पुणे जिल्ह्यातील हवेली.

महोदय,

पुणे जिल्ह्यात हवेली नावाचा तालुका आहे, हवेली नावाचा मतदारसंघ मात्र आता नाही. 2004 च्या विधानसभा निवडणुकीपर्यंत तो होता आणि राज्यातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांत त्याची गणना होत असे. पिंपरी-चिंचवडचा बहुतांश भाग त्यात होता. 2008 च्या परिसीमन आदेशाने तो यादीतून गेला. आज हवेली तालुक्यातल्या गावांना आपला मतदारसंघ सांगताना जोडनावे वापरावी लागतात: शिरूर-हवेली, पुरंदर-हवेली. वाघोली, थेऊर, उरुळी कांचनकडचा मतदार शिरूरला मत देतो. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचा पुरंदरला. खडकवासल्याकडचा खडकवासल्याला. उरलेले हडपसर, वडगाव शेरी, भोसरी, चिंचवड, पिंपरी असे शहरात विरघळले. एका तालुक्याचे इतके तुकडे होण्यामागे कोणाचा कावा होता अशी चर्चा पारावर होते. कागद उलगडून पाहिले तर बहुतेक तुकडे साध्या वजाबाकीतून पडलेले दिसतात. पण ती वजाबाकी मसुद्यासोबत लोकांपुढे मांडली गेली नाही, म्हणून संशयाला जागा राहिली. या पत्रातली मुख्य मागणी तेवढीच आहे, बाकी सारे तिच्या आधारासाठी.

आधी हिशेब. 1976 च्या आदेशामागे 1971 ची जनगणना होती. राज्याची लोकसंख्या 5,04,12,235, जागा 288, म्हणजे एका मतदारसंघामागे सरासरी 1,75,042 माणसे. या मापाने आखलेले मतदारसंघ 1978 पासून 2004 पर्यंत सात विधानसभा निवडणुकांना पुरवले गेले. मधल्या काळात पिंपरी-चिंचवड नगरपालिकेची महापालिका झाली (1982), कारखान्यांमागून चाळी आल्या, चाळींमागून सोसायट्या आल्या, 1997 मध्ये आसपासची गावे महापालिकेत आली. मतदारसंघाची रेघ जिथल्या तिथे. 42 व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठवली हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या गोठवण्यात राज्याच्या आतल्या हद्दीही गोठल्या, आणि हवेलीसारख्या ठिकाणी खरा फटका तिथे बसला.

2008 चा आदेश 2001 च्या जनगणनेवर उभा आहे. राज्य 9,68,78,627, जागा त्याच 288, सरासरी 3,36,384. आयोगाने दहा टक्के वरखाली मोकळीक ठेवली होती. म्हणजे खालची मर्यादा सुमारे 3,02,700 आणि वरची 3,70,000. पहिल्या पायरीला जिल्ह्याची लोकसंख्या या सरासरीने भागायची आणि येईल त्या भागाकारावर जिल्ह्याच्या जागा ठरवायच्या. ठाणे (तेव्हाचा अखंड) 24.17, जागा 24. मुंबई शहर 9.92, जागा 10. मुंबई उपनगर 25.69, जागा 26. रत्नागिरी 5.04, जागा 5. सिंधुदुर्ग 2.58, जागा 3. इथवर सरळ आहे.

पुणे जिल्ह्याचा भागाकार करून पाहा. 72,32,555 भागिले 3,36,384. उत्तर 21.50, आणि तेही साडेएकवीसच्या केसभर वर: सुमारे तीनशे माणसांनी. जिल्ह्याला 21 जागा मिळाल्या. सगळे अपूर्णांक नियमाने पूर्ण केले की बेरीज 288 वर बसेलच असे नसते, कुठेतरी एक जागा ओढावी किंवा सोडावी लागते. ते समजण्यासारखे आहे. पण काठावरचा जिल्हा कोणत्या बाजूला का पडला, हे एका ओळीत लिहायला कोणाचे काय जाते? ती एक जागा मिळाली असती तर जिल्ह्यातल्या प्रत्येक मतदारसंघाचा वाटा थोडा हलका झाला असता आणि हवेलीचे तुकडे कदाचित वेगळे पडले असते.

दुसरी पायरी जिल्ह्याच्या आतली, आणि खरे दुखणे तिथेच आहे. वरून उत्तरेकडून सुरू करू. जुन्नर तालुका 2001 मध्ये स्वतःपुरता भरलेला होता, त्याला कोणाचे काही नको होते आणि देण्याजोगेही फार नव्हते. खेडचेही तसेच. मध्ये आंबेगाव: सव्वादोन लाखांच्या आत. किमान मर्यादा तीन लाखांवर, म्हणजे पाऊण लाखाहून जास्त माणसे उसनी हवीत. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आणि जिल्ह्याची हद्द. उत्तर-दक्षिणेचे शेजारी भरलेले. उरला पूर्वेचा शिरूर. म्हणून शिरूर तालुक्यातली पाबळ-शिक्रापूरकडची गावे आंबेगावला जोडली गेली. स्थानिक राजकारणात 'शिरूरची 39 गावे' हा शब्दप्रयोग तिथून आला. आता शिरूर तोकडा झाला. त्याने आपली तूट कुठून भरायची? दक्षिणेला हवेली. वाघोली, थेऊर, उरुळी कांचनची बाजू शिरूरला गेली ती अशी. पुरंदरही एकटा पुरत नव्हता, त्यालाही हवेलीतूनच दिले गेले.

आंबेगावची तूट हवेलीने भरली, मध्ये शिरूर फक्त हातबदलाला होता. एवढे एक वाक्य मसुद्यात छापले असते तर सुनावणीत लोकांनी वेगळे प्रश्न विचारले असते. शिरूरच्या गावांनी 'आम्हाला आमच्या तालुक्यात ठेवा' असे म्हणून भागत नाही. ती परत घेतली की आंबेगाव किमान मर्यादेखाली जाते आणि शिरूर-हवेली कमाल मर्यादेवर. खालपासून वरपर्यंत सगळी माळ हलवावी लागते. हे न दिसल्यामुळे हरकतींचे गठ्ठे येतात, त्यात भावना असतात, तालुक्याच्या बाजाराचा आणि एसटीच्या मार्गाचा उल्लेख असतो, आकडे नसतात. मग आयोगाला त्या बाजूला सारणे सोपे जाते. दोष हरकत घेणाऱ्याचा नाही. त्याच्या हातात गावनिहाय लोकसंख्येचा तक्ताच दिलेला नसतो.

दहा टक्क्यांची मोकळीक ऐकायला ऐसपैस वाटते. प्रत्यक्षात खालच्या आणि वरच्या मर्यादेत अंतर सदुसष्ट हजारांचे. एखादे महसूल मंडळ, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट, तीस-चाळीस हजारांचे असते. एक मंडळ इकडचे तिकडे केले की अर्धी मोकळीक संपली. सजा त्याहून लहान, गाव त्याहून लहान, पण जितके खाली उतरावे तितकी हद्द करवतीच्या दात्यांसारखी होते. आमचे मत असे की ग्रामीण भागात मंडळ फोडू नये, फोडलेच तर सजा फोडू नये, आणि सजा फोडावीच लागली तर कारण त्या ओळीतच द्यावे. सजा म्हणजे एका तलाठ्याकडची, आता ग्राम महसूल अधिकाऱ्याकडची, गावे. मतदार यादीचे बरेचसे काम करणारा माणूस तोच असतो. त्याच्या दोन गावांचे दोन मतदारसंघ केले की मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांपासून तहसीलपर्यंत प्रत्येक कागद दुप्पट होतो.

शहरात गोष्ट वेगळी बिघडते. 2008 च्या आदेशात पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या मतदारसंघांची व्याप्ती 'वॉर्ड क्रमांक अमुक ते तमुक' अशी दिलेली आहे. हे वॉर्ड 2001 च्या जनगणनेचे. मतदाराच्या ओळखीचा प्रभाग त्यानंतर वारंवार बदलला. 2007 ला एकसदस्यीय, 2012 ला द्विसदस्यीय, 2017 ला चार सदस्यांचा. आज एखाद्याने आदेश वाचून आपला मतदारसंघ शोधायचा म्हटले तर त्यातला वॉर्ड क्रमांक जमिनीवर कुठेच सापडत नाही. मतदारसंघाची खरी हद्द आदेशात राहत नाही, ती मतदार यादीच्या भागांत आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या नजरी (ढोबळ, हाती काढलेल्या) नकाशात राहते. जिथे 2001 ला ऊसाचे शेत होते तिथे आज बावीस मजले. वॉर्डाची हद्द तेव्हा बांधावरून किंवा ओढ्यावरून गेली असेल, बांध गेला, ओढा पाइपात गेला. एकाच फाटकाच्या आत ए आणि बी विंग एका मतदारसंघाच्या यादीत आणि सी विंग दुसऱ्याच्या, असे घोळ होतात ते यामुळे. आणि मतदानाच्या दिवशी रांगेत कळते.

यावर उपाय अवघड नाही. शहरातली हद्द वॉर्ड क्रमांकासोबत शब्दांतही लिहा: अमुक पुलापासून पवनेच्या मध्यधारेने, तिथून पुणे-लोणावळा लोहमार्गाने, तिथून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने, अशी. नदी, लोहमार्ग आणि महामार्ग वीस वर्षांत हलत नाहीत. वॉर्ड हलतात. ग्रामीण भागात नावासोबत जनगणनेचा सहा आकडी गावसंकेतांक द्या, कारण 'वडगाव' एक नसते आणि मंडळांची व सजांचीही मधल्या काळात पुनर्रचना झाली आहे. आणि हद्दीची जीआयएस (संगणकीय नकाशाची) फाइल मसुद्याबरोबरच खुली करा. स्कॅन केलेला, अक्षरे न दिसणारा पीडीएफ नकाशा म्हणजे नकाशा नाही.

कायद्याची बाजूही याला जोडून आहे. 2002 च्या परिसीमन कायद्याच्या कलम 11 नुसार निवडणूक आयोगाला नंतर फक्त छपाईच्या चुका सुधारता येतात आणि जिल्ह्याचे वा प्रशासकीय विभागाचे नाव बदलले तर नोंद अद्ययावत करता येते. हद्द, क्षेत्र, व्याप्ती यांना हात लावता येत नाही. वेल्हे तालुक्याचा राजगड झाला, नाव बदलेल. पुणे महापालिकेत 2017 मध्ये अकरा गावे आली, 2021 मध्ये आणखी तेवीस आली, आधीच्या अकरांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे बाहेर काढून त्यांची नगरपरिषद झाली. त्या दोन गावांतल्या माणसाने सात वर्षांत ग्रामपंचायत, महापालिका आणि नगरपरिषद अशा तीन दारांत कर भरला, विधानसभेला मात्र तो पुरंदरचा होता आणि पुरंदरचाच राहिला. यात गैर काही नाही, कायदा तसाच आहे. पण म्हणूनच पहिल्यांदा लिहिताना चूक झाली तर ती वीस-पंचवीस वर्षे भोगावी लागते. न्यायालयाचे दारही जवळपास बंद. कलम 10 म्हणते की राजपत्रात आल्यावर आदेशाला कायद्याचे बळ, त्यावर कोर्टात प्रश्न नाही. उज्जैनच्या मेघराज कोठारी प्रकरणात 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच मान्य केले. 2024 मध्ये गुजरातमधल्या बारडोलीच्या आरक्षणावरून आलेल्या प्रकरणात अगदी उघड मनमानी असेल तर तपासणी होऊ शकते असे न्यायालयाने म्हटले, इतकीच फट.

आता चिंचवड. हवेलीच्या पोटातून पिंपरी, चिंचवड आणि भोसरी असे तीन मतदारसंघ निघाले. 2001 मध्ये महापालिकेची लोकसंख्या दहा लाखांच्या किंचित वर होती. तीन गुणिले सरासरी म्हणजे 10,09,000. हिशेब चपखल. पण या हद्दीवर पहिली निवडणूक झाली 2009 मध्ये, आणि दोनच वर्षांनी झालेल्या जनगणनेत शहर सतरा लाखांवर होते. 2011 ची राज्याची सरासरी 3,90,189. त्या मापाने शहराचा वाटा 4.43 मतदारसंघांचा. नवी विटी हातात आली तेव्हाच ती दीड जागेने तोकडी होती. आणि 2011 ची जनगणना महाराष्ट्रात जागांच्या आखणीसाठी कधी वापरलीच गेली नाही.

2024 च्या विधानसभेला राज्यात मतदार होते 9.70 कोटी. गंमत पाहा, हा आकडा 2001 च्या एकूण लोकसंख्येइतका आहे. त्यामुळे मतदारसंघामागे सरासरी मतदारही 3.37 लाख, आखणीच्या वेळच्या सरासरी माणसांइतकेच. चिंचवडमध्ये मतदार साडेसहा लाखांच्या वर. पनवेलही त्याच घरातले. मुंबईत वडाळ्यात दोन लाखांच्या आसपास. तीनपटीहून जास्त फरक.

हा फरक कुठे टोचतो ते पाहा. आमदार स्थानिक विकास निधी प्रत्येक मतदारसंघाला वर्षाला पाच कोटी. चिंचवडच्या मतदारामागे 75-76 रुपये, वडाळ्याच्या मतदारामागे अडीचशेच्या जवळ. उमेदवाराची खर्चमर्यादा दोन्हीकडे 40 लाख: चिंचवडमध्ये मतदारामागे सहा रुपये, त्यात एक पत्रकसुद्धा घरपोच होत नाही, मग खर्च कागदाबाहेर होतो. एका केंद्राला 1,200 मतदार धरले तर चिंचवडला 550 केंद्रे. चौदा टेबलांवर मोजणी म्हटली तर चाळीस फेऱ्या, वडाळ्याला बारा-तेरा. वडाळ्याचा गुलाल धुऊन झालेला असतो तेव्हा चिंचवडची मोजणी अर्ध्यातही नसते. आणि सांगवी, पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, रहाटणी, थेरगाव, वाकड, रावेत, किवळे या सगळ्यांचा पाण्याचा प्रश्न सभागृहात मांडायला माणूस एकच.

याच्या अगदी शेजारी हिंजवडी. वाकडचा मतदार चिंचवडचा, लोकसभेला मावळचा. त्याला लागून असलेल्या हिंजवडीचा मतदार भोरचा, लोकसभेला बारामतीचा. कारण 2008 मध्ये भोर, वेल्हे आणि मुळशी हे तीन डोंगरी तालुके मिळून एक मतदारसंघ भरला. एकट्याने कोणीच पुरत नव्हते. वेल्हे तर पन्नास-पंचावन्न हजारांतच अडकलेला. बेरीज बरोबर होती. पण हिंजवडीची वाहतूककोंडी फोडायची तर रस्ता एकच, आणि त्या रस्त्याच्या एका टोकाचा आमदार तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीचाही आमदार. मुळशीचा पूर्व भाग शहरासारखा वाढतो आहे आणि पश्चिम भाग धरणाच्या पाण्याकाठी रिकामा होतो आहे. तालुका अखंड ठेवण्याचा आमचा आग्रह इथे सोडावा लागेल. हिंजवडी, माण, मारुंजीचा पट्टा शहराच्या बाजूला टाकला तर भोर किती खाली येते आणि ती तूट कुठून भरायची, याचे दोन-तीन पर्याय आकड्यांसकट मसुद्यातच मांडा. एकच पर्याय 'प्रस्ताव' म्हणून मांडला की लोक त्याला हो किंवा नाही म्हणतात. दोन मांडले की लोक मोजायला लागतात.

लोकसभेची गाठ वेगळी. विधानसभा मतदारसंघ एकाच लोकसभा मतदारसंघात पूर्ण बसला पाहिजे. सध्या लोकसभेच्या एका जागेत सहा विधानसभा. पिंपरी आणि चिंचवड मावळात गेले, भोसरी शिरूरमध्ये. मावळात पनवेल, कर्जत, उरण घाटाखाली आणि मावळ, चिंचवड, पिंपरी घाटावर. बोरघाटातून जाणारा लोकसभा मतदारसंघ आकड्यांत बसतो, 'दळणवळणाची सोय' या कलम 9 मधल्या कसोटीतही द्रुतगती मार्गामुळे बसतो, एवढेच म्हणता येईल. पिंपरी-चिंचवडला पुढे पाच किंवा सहा विधानसभा मिळाल्या तर हे शहर स्वतःच लोकसभेची एक जागा होते. मग पनवेलचे काय, मावळ तालुक्याचे काय, हे आधी ठरवून विधानसभेची रेघ ओढा. उलट क्रमाने केले की एखादा तालुका शेवटी उरतो आणि जिथे जागा दिसेल तिथे कोंबला जातो.

दहा टक्क्यांच्या मोकळिकीबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. समजा एखाद्या शहराचा वाटा 5.4 आला. नऊ-दशांश सरासरीचे सहा मतदारसंघ केले तरी बसतात, आणि सरासरीहून आठ टक्के जड असे पाच केले तरी बसतात. दोन्ही कायदेशीर. म्हणजे एक पूर्ण आमदार देणे न देणे आयोगाच्या मर्जीवर. आमचे म्हणणे असे की वाढणाऱ्या भागाला नेहमी हलका मतदारसंघ द्यावा आणि थांबलेल्या भागाला जड, कारण नकाशा वीस वर्षे चालणार आहे. कायदा जनगणनेच्या आकड्यावर बांधतो, अंदाजावर आखू देत नाही, हे खरे. पण मोकळिकीच्या आत कोणत्या बाजूला झुकायचे याला बंदी नाही. 2008 मध्ये असे झुकते माप दिले असते तरी चिंचवड पुरले नसते, साडेसहा लाखांचे मात्र झाले नसते.

कोकणातल्या वाचकांना पुढचा परिच्छेद आवडणार नाही. 2008 पूर्वी रत्नागिरीत सात आणि सिंधुदुर्गात चार आमदार होते. नंतर पाच आणि तीन झाले. खेड आणि संगमेश्वर ही नावे यादीतून गेली. संगमेश्वर शेजाऱ्यांत वाटला गेला. खेडचा एक तुकडा दापोलीला आणि एक वाशिष्ठीच्या खाडीपलीकडच्या गुहागरला. 2011 च्या आकड्यांनी भागाकार केला तर रत्नागिरी 4.14 आणि सिंधुदुर्ग 2.18 येते. जागा 288 च धरल्या तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून सहा. माणसे मुंबई-ठाण्याला गेली, लोकसंख्या घटली. गणपतीला गावात दिसणारी गर्दी जनगणनेत मोजली जात नाही. मतदारसंघ मतदारांवर आखला जात नाही हेही पुन्हा सांगावे लागते, कारण गावाकडच्या यादीत नाव ठेवल्याने जागा वाचेल असा समज आहे. ती फक्त मतदानाची सोय आहे.

तरीही एक वाट आहे. निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालच्या जम्मू-काश्मीरच्या आयोगाने 2022 मध्ये जिल्ह्यांचे डोंगरी, मिश्र आणि सपाट असे तीन गट केले आणि गटानुसार सरासरी दहा टक्के वरखाली धरली. त्या पद्धतीने रत्नागिरीला डोंगरी धरले तर भागाकार 4.60 होतो आणि पाचवी जागा वाचते. नंदुरबार, गडचिरोलीलाही तो नियम लागू पडेल. पण एकूण जागा ठरलेल्या असल्या की इथे वाचलेली जागा ठाण्यातून किंवा पुण्यातून येते, म्हणजे पुन्हा चिंचवडसारख्याच कोणाच्या तरी खिशातून. आम्हा लिहिणाऱ्यांतही यावर एकमत नाही. एकमत इतक्यावरच आहे की असा गट पाडलात तर कोणता तालुका डोंगरी आणि का, हे मसुद्यात आधी छापा. आकडे जुळल्यावर निकष लिहू नका.

आरक्षणाबद्दल थोडक्यात. 1978 ते 2004 अनुसूचित जातींसाठी राज्यात 18 जागा होत्या, 2009 पासून 29. ही वाढ लोकसंख्येतून कमी आणि व्याख्येतून जास्त आली. 1971 च्या जनगणनेत नवबौद्ध अनुसूचित जातींत मोजले जात नव्हते, 1990 च्या दुरुस्तीने ते आले. गोठवलेल्या नकाशामुळे त्याचा परिणाम दिसायला 2009 उजाडले. पिंपरी राखीव झाला तो याच आदेशात. अनुसूचित जातींच्या जागा प्रमाण जास्त असलेल्या भागांत पण राज्यभर विखरून द्यायच्या, जमातींच्या जागा मात्र सर्वाधिक प्रमाण असेल तिथेच, असे कायदा म्हणतो. 'विखरून' या शब्दात निवडीला वाव आहे, म्हणून टक्केवारीचा उतरता क्रम पूर्ण छापा, निवडलेलेच नको. 106 व्या घटनादुरुस्तीने महिलांसाठी एक-तृतीयांश जागा आखणीशी जोडल्या आहेत. हीच मागणी तिथेही लागू.

सहयोगी सदस्यांना दोन शब्द. 2002 च्या कायद्यात आपल्याला मत नाही आणि सहीचा अधिकारही नाही, पुढचा कायदा त्याच वळणाचा असेल असे धरून लिहितो. पण आपल्या असहमतीचे प्रस्ताव आयोगाने छापायचे असतात. ते लिहिताना 'जनभावना' हा शब्द टाळून ही माहिती द्या: मतदारसंघाचे नाव, कोणती मंडळे वा गावे कुठून कुठे, त्यांची लोकसंख्या, आणि बदलानंतर देणाऱ्या व घेणाऱ्या दोन्ही मतदारसंघांची बेरीज मर्यादेत राहते की नाही. तिसऱ्याला धक्का बसत असेल तर त्याचीही. आपल्या मागणीत शेजाऱ्याची बेरीज नसेल तर ती मागणी पहिल्याच फेरीत बाद होते.

मुदतीचेही पाहा. जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे आणि गाव-तालुक्यांच्या हद्दी गोठवण्यासाठी 31 डिसेंबर 2025 ही तारीख दिलेली होती. त्या दिवशी जे मंडळ ज्या तालुक्यात होते, ते आखणीत तसेच येणार. नंतर झालेली नगरपरिषद, अपर तहसील, नवा तालुका यांचे दोन स्तंभ मसुद्यात असू द्या: गोठवल्या तारखेचे नाव आणि आजचे नाव. नाहीतर सुनावणीचा अर्धा दिवस 'हे गाव आता त्या तालुक्यात नाही' यातच जातो. सुनावणीही पुण्या-मुंबईत एकेक दिवस उरकू नये. मंचरला किंवा शिरूरला एक बैठक झाली तर 39 गावांचा प्रश्न तिथल्या तिथे आकड्यांवर बोलता येईल.

आदेश राजपत्रात आल्यावर प्रत्येक जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने तो आपल्या कार्यालयाच्या दर्शनी भागावर लावायचा असतो. नंदुरबारच्या अक्कलकुव्यापासून सांगलीच्या जतपर्यंत 1 ते 288 क्रमांकांची ती यादी वाचणारा माणूस आपले गाव शोधतो आणि निघून जातो. तिच्याशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, त्या जिल्ह्याचा भागाकार, प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या, सरासरीपासूनचे अंतर टक्क्यांत, आणि फोडलेल्या प्रत्येक तालुक्यापुढे कारणाचा एक रकाना असा एक कागद मराठीत लावावा. हवेलीच्या ओळीपुढचा रकाना आम्ही आधी वाचू.

आपले,
मतदार याद्या, गाव नमुने आणि जनगणना पुस्तिका यांच्याशी रोजचे काम असलेले काही जण, पुणे जिल्हा